विश्लेषण : 1962 च्या कैदेतून परतलेल्या ब्रिगेडियर जॉन दळवींना देशानं कसं वागवलं?

शहिदांसाठी देश रडला, पण शत्रूच्या कैदेतून जिवंत परतलेल्या जवळपास 4 हजार सैनिकांच्या वाट्याला संशय आला. त्यांच्यातल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याची ही गोष्ट.

4 मे 1963. चीनहून निघालेलं एक विमान कोलकात्याच्या दमदम विमानतळावर उतरलं. विमानात भारतीय लष्कराचे अधिकारी होते. 1962 च्या युद्धात ते चीनच्या हाती सापडले होते आणि आता अनेक महिन्यांनी मायदेशी परतत होते. त्यांच्यात सर्वांत वरच्या हुद्द्याचे अधिकारी होते ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी.

लष्करी शिष्टाचाराप्रमाणे जे करायचं ते सगळं झालं. पण त्यात आपलेपणा नव्हता. घरी जाण्याआधी या अधिकाऱ्यांना चौकशीला सामोरं जावं लागणार होतं. चिनी कैदेत त्यांची मनं तर वळवली गेली नाहीत ना, हे सरकारला तपासायचं होतं.

याच्या जेमतेम तीन महिने आधी, 27 जानेवारी 1963 ला, दिल्लीत लता मंगेशकरांनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायलं होतं. कवी प्रदीप यांचं गीत आणि मूळचे नगर जिल्ह्यातले सी. रामचंद्र यांचं संगीत. ते गाणं शहिदांसाठी होतं आणि ते ऐकून पंतप्रधान नेहरूंचे डोळे पाणावल्याचं आजही सांगितलं जातं. त्याच युद्धात लढून जिवंत राहिलेल्यांसाठी मात्र असं कोणतंच गाणं नव्हतं.

हरलेल्या युद्धातून परतलेल्या सैनिकाशी देश कसा वागतो? दळवींच्या आयुष्यातून ते समजून घेऊया.

कोण होते जॉन दळवी?

दळवींचा जन्म 3 जुलै 1920 चा, इराकमधल्या बसरा शहरातला. वडील तिथे ब्रिटिश प्रशासनात नोकरीला होते. पुढे कुटुंब मुंबईत आलं. सेंट मेरीज हायस्कूल आणि नंतर सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये त्यांचं शिक्षण झालं. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं. 1940 मध्ये कॉलेज सोडून ते डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले.

त्यांची पहिली मोठी लढाई ब्रह्मदेशात, जपानी सैन्याविरुद्ध झाली. जनरल स्लिम यांच्या सैन्यात ते लढले आणि त्यांच्या कामगिरीची लष्करी खलित्यात नोंद झाली. म्हणजे पुढे 1962 मध्ये ज्यांच्याकडे हरलेले म्हणून बोट दाखवलं गेलं, ते दळवी त्याआधी एका जिंकलेल्या युद्धातून परतले होते.

फाळणीत बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. दळवी 5 गोरखा रायफल्समध्ये आले. नंतर त्यांनी ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या एका बटालियनचं नेतृत्व केलं. याच रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र आज आपल्या नागपूरजवळ कामठीत आहे.

1960 च्या सुमारास ते ब्रिगेडियर झाले. 15 व्या कोअरमध्ये त्यांच्याकडे प्रशासनाचं काम आलं. लडाखमधल्या सैन्याला धान्य, कपडे, रॉकेल, दारूगोळा वेळेवर पोहोचतोय की नाही, हे पाहणं हा त्या कामाचा भाग होता. हिमालयात सैनिकाला किती आणि काय लागतं, याचा हिशेब त्यांना चांगला ठाऊक होता. 1962 मध्ये ते ईशान्येत 7 व्या इन्फंट्री ब्रिगेडचे कमांडर झाले, तेव्हा हाच हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर चुकताना दिसणार होता.

नामका चूवर नेमकं काय घडलं?

नामका चू ही आजच्या अरुणाचल प्रदेशात, तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या सीमेजवळ वाहणारी एक छोटी नदी. तेव्हा या प्रदेशाला नेफा म्हणत. जून 1962 मध्ये भारतानं तिथे ढोला नावाची चौकी उभारली. 8 सप्टेंबरला समोरच्या थागला डोंगररांगेवरून चिनी सैनिक खाली उतरले. चिन्यांना तिथून हुसकावून लावायचं, असा निर्णय दिल्लीत झाला. ती जबाबदारी दळवींच्या ब्रिगेडवर आली.

कागदावर ही एक ब्रिगेड होती. प्रत्यक्षात परिस्थिती अशी होती :

- सैनिक नदीकाठी, खोल दरीत होते आणि चिनी त्यांच्या डोक्यावर, उंच डोंगरावर.
- सुमारे 20 किलोमीटर लांबीच्या काठावर तुकड्या विखरून ठेवलेल्या होत्या.
- जवळ रस्ता नव्हता. जवान कित्येक दिवस पायी चालून पोहोचले होते.
- अनेकांच्या अंगावर उन्हाळ्यातला सुती गणवेश होता आणि प्रत्येकाकडे मोजकीच काडतुसं होती.
- विमानातून टाकलेलं सामान बऱ्याचदा दरीत पडायचं आणि हाती लागायचं नाही.
- तोफखाना नावापुरता होता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्या हाताखाली नवी 4 थी कोअर तयार करण्यात आली. 10 ऑक्टोबरला नदीपलीकडे गेलेल्या 9 पंजाबच्या तुकडीवर चिन्यांनी मोठा हल्ला केला. समोर किती ताकद आहे हे त्या दिवशी स्पष्ट झालं. तरी मागे येण्याचा आदेश आला नाही. 12 ऑक्टोबरला श्रीलंकेच्या दौऱ्यावर निघताना पंतप्रधान नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं, की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. देशानं ते वाचलं आणि आता विजयाची बातमी येणार, असं लोक धरून चालले.

18 ऑक्टोबरला कौल आजारी पडून दिल्लीला गेले आणि तिथूनच आदेश देत राहिले. 19 ऑक्टोबरला समोर चिन्यांची जमवाजमव उघड दिसत होती. दळवींनी वरिष्ठांकडे फोनवरून माघारीची परवानगी मागितली. आपल्या माणसांचा असा बळी जाताना पाहण्यापेक्षा राजीनामा देईन, इथपर्यंत ते बोलले. परवानगी मिळाली नाही.

20 ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या. काही तासांत ब्रिगेड मोडली. 2 राजपूत या बटालियनचे अर्ध्याहून जास्त जवान त्या एका सकाळी मारले गेले. 1/9 गोरखा रायफल्सचंही मोठं नुकसान झालं. उरलेल्यांना एकत्र आणण्याच्या प्रयत्नात असलेले दळवी 22 ऑक्टोबरला चिन्यांच्या हाती सापडले.

हे आधी कुणाला दिसलं नव्हतं का?

दिसलं होतं, आणि ते सांगणारा अधिकारी मराठीच होता. कोल्हापूर जिल्ह्यातले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात तेव्हा पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होते. 1959-60 मध्ये त्यांनी एक योजना मांडली होती. अगदी सीमारेषेवर चिकटून लढू नका, शत्रूला आत येऊ द्या, त्याची रसद लांबू द्या आणि जिथपर्यंत आपले रस्ते पोहोचतात तिथे पाय रोवून उभे राहा, असा तिचा साधा अर्थ. मार्च 1960 मध्ये लखनऊला त्यांनी 'लाल किला' नावाचा लष्करी सरावही घेतला. पण ती योजना बाजूला राहिली आणि 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. जिथे लढू नका असं त्यांनी बजावलं होतं, तशाच जागी दळवींना उभं करण्यात आलं.

कैदेतले दिवस कसे होते?

दळवींना तिबेटमध्ये नेऊन एकांतवासात ठेवण्यात आलं. बोलायला आपला माणूस नाही, घरची खबर नाही. भोवती फक्त पहारेकरी आणि चिनी बाजू पटवून देणारे अधिकारी. 21 नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, तीही त्यांना तिथेच कळली. आपल्या ब्रिगेडचं असं का झालं, हे कधी तरी लिहायचं, असं त्यांनी त्या कोठडीतच ठरवलं.

सरकारी आकड्यांनुसार या युद्धात 1,383 भारतीय सैनिक मारले गेले, 1,696 बेपत्ता झाले आणि 3,968 जण कैद झाले. जखमी आणि आजारी कैद्यांना डिसेंबर 1962 पासून रेड क्रॉसमार्फत सोडायला सुरुवात झाली. बाकीचे 1963 च्या एप्रिल-मेमध्ये परतले. दळवी कैदेत साडेसहा महिने होते.

परतल्यावर संशय कशासाठी?

त्या काळात ब्रेनवॉशिंग हा शब्द जगभर गाजत होता. कोरियाच्या युद्धात चिन्यांनी पकडलेल्या 21 अमेरिकी सैनिकांनी मायदेशी परतायलाच नकार दिला होता. कम्युनिस्ट कैदेत राहिलेला माणूस आतून बदलून येतो, अशी भीती तेव्हापासून पसरली.

गंमत अशी, की भारताला हे प्रकरण जवळून माहीत होतं. 1953-54 मध्ये परत जायला तयार नसलेल्या हजारो कैद्यांचा पहारा कोरियात भारतीय सैन्यानंच केला होता आणि त्या दलाचे प्रमुख होते हेच जनरल थोरात. कैद्याच्या मनावर किती बाजूंनी दबाव असतो, हे भारतीय लष्करानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही 1963 मध्ये आपलेच कैदी परतले तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्या निष्ठेवर आला. रांचीजवळच्या रामगडमध्ये त्यांच्यासाठी चौकशीची व्यवस्था होती.

परतलेल्या कैद्यांची चौकशी करणं यात चूक काही नाही. सगळीच सैन्यं ती करतात. शत्रूबद्दलची माहिती त्यातूनच मिळते. पण आपल्याकडे माहितीसाठी बोलावतायत की आरोपी म्हणून, हे समोरच्याला लगेच कळतं. दळवींना ते दमदमलाच कळलं. आपण वाळीत टाकलेल्या माणसांसारखे आहोत, आपण तिकडेच मेलो असतो तर सगळ्यांची सोय झाली असती, अशी त्यांची भावना झाली. पुढे त्यांनी ती कडवटपणे लिहिलीही.

त्यांना आणखी एक गोष्ट खुपली. चीन आपला मित्र आहे, हे देशाला वर्षानुवर्षं पटवणारे सत्तेत होते. त्यांच्या डोक्यात काय भरलं गेलं होतं, हे कुणी विचारलं नाही. प्रश्न विचारले गेले ते चिन्यांशी लढून पकडल्या गेलेल्यांना.

फक्त दळवींच्याच वाट्याला हे आलं का?

नाही. त्याच युद्धातली दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

पहिलं रेझांग लाचं. 18 नोव्हेंबर 1962 ला लडाखमध्ये मेजर शैतान सिंह यांच्या 13 कुमाऊँच्या तुकडीनं शेवटच्या माणसापर्यंत लढत दिली. सुमारे 120 पैकी 110 हून जास्त जवान शहीद झाले. जे मोजके वाचले त्यांनी घडलं ते सांगितलं, पण त्यांच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. एवढ्या थोड्या माणसांनी एवढी झुंज दिली, हे अनेकांना खरंच वाटेना. 1963 च्या सुरुवातीला बर्फात गोठलेले मृतदेह सापडले. जवान आपापल्या मोर्चात, हाती शस्त्र असतानाच गेले होते. तेव्हा कुठे वाचलेल्यांचं बोलणं खरं ठरलं.

दुसरं उदाहरण मेजर धनसिंह थापा यांचं. 1/8 गोरखा रायफल्सचे थापा ऑक्टोबर 1962 मध्ये पॅंगॉंग सरोवराकाठच्या सिरिजाप चौकीवर लढले. चौकी पडली आणि ते मारले गेले, असं समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. घरी अंत्यसंस्कारही झाले. नंतर कळलं की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. मे 1963 मध्ये ते परतले आणि सन्मानातला मरणोत्तर हा शब्द काढावा लागला.

थापांचा गौरव झाला, कारण ते मेले आहेत असं समजून देशानं त्यांची लढाई आधी मान्य केली होती. दळवी आणि त्यांच्यासारखे हजारो कैदी जिवंत आहेत हे आधीच माहीत होतं, त्यामुळे त्यांना आपली लढाई सिद्ध करावी लागली. आपल्याकडे मेलेल्याला कुणी वाईट म्हणत नाही. जिवंत परतलेल्याला मात्र पुरावा मागितला जातो.

मग चूक कुणाची ठरली?

युद्ध चालू असतानाच संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं. लष्करप्रमुख जनरल थापर गेले, कौलही गेले. नोव्हेंबर 1962 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा घराघरांत म्हटलं गेलं.

चव्हाणांच्या काळात लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांनी पराभवाची चौकशी केली. 1963 मध्ये अहवाल सादर झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चव्हाणांनी संसदेत त्यातले ठळक मुद्दे सांगितले. पण अहवाल सरकारनं खुला केला नाही. 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. अधिकृतरीत्या तो आजही गोपनीयच आहे.

याचा परतलेल्या सैनिकांवर थेट परिणाम झाला. कुणी कोणता आदेश दिला, कुणी माघार नाकारली, कुणी काडतुसं पाठवली नाहीत, हे लोकांसमोर आलंच नाही. मग लोकांना दिसलं ते एवढंच : आपलं सैन्य हरलं आणि हे त्यातून परत आले. खुलासा करायचा तर सेवेत असलेल्या सैनिकाला बोलायची मुभा नसते.

दळवींनी पुढे काय केलं?

दळवी काही वर्षं सेवेत राहिले, पण ब्रिगेडियरच्या वर गेले नाहीत. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लष्करातून बाहेर पडले आणि कैदेत ठरवलेलं काम हाती घेतलं.

त्याआधी 1967 मध्ये जनरल कौल यांचं आत्मकथन आलं होतं. त्यात त्यांनी आपली बाजू मांडली होती. त्यानंतर दळवींचं 'हिमालयन ब्लंडर' हे इंग्रजी पुस्तक मुंबईतून प्रसिद्ध झालं. 1962 बद्दल बोलणारा कुणीही आज या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही. कन्नडमध्ये पत्रकार रवी बेळगेरे यांनी केलेला त्याचा अनुवाद खूप वाचला गेला.

पुस्तकात राग आहे, पण तो हवेत नाही. कोणत्या तारखेला किती रेशन होतं, कोणती तुकडी किती दिवस चालली, कोणता आदेश कुणाकडून आला, असा एकेक तपशील तिथे आहे. रसदीचं काम केलेला माणूस हिशेब मांडतो तसा. त्यांनी स्वतःलाही पूर्णपणे मोकळं सोडलं नाही. चुकीचे आदेश येत असताना वरिष्ठ अधिकाऱ्यांनी वेळीच ठाम नकार का दिला नाही, हा प्रश्न पुस्तकभर आहे आणि त्या वरिष्ठांच्या रांगेत ते स्वतःही उभे होते.

त्यांच्यावर टीकाही झाली. पराभूत कमांडर दुसऱ्यांवर खापर फोडतो, असं म्हणणारे होते. पण नामका चूवर जे मेले त्यांच्या बाजूनं, सगळा तपशील हाती असलेला दुसरा साक्षीदार तेव्हा बोलत नव्हता. ऑक्टोबर 1974 मध्ये कर्करोगानं दळवींचं निधन झालं. ते 54 वर्षांचे होते.

1962 चं युद्ध लोकांना नकोसं होतं का?

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाला लोकांचा विरोध होता. सैनिक 1973 पर्यंत टप्प्याटप्प्यानं परतले, तेव्हा त्या युद्धाबद्दलचा राग त्यांच्यावरही निघाला. 58 हजारांहून जास्त मृतांची नावं कोरलेलं स्मारक वॉशिंग्टनमध्ये 1982 मध्ये उभं राहिलं आणि त्यानंतर हळूहळू लोकांची नजर बदलली.

भारतात 1962 मध्ये उलट होतं. युद्ध सुरू झालं तेव्हा देश एक झाला. बायकांनी संरक्षण निधीत दागिने दिले, जवानांसाठी स्वेटर विणले. पण महिनाभरात पराभव झाला आणि उत्साहाची जागा लाजेनं घेतली. त्या लाजेची आठवण करून देणारे सैनिक मग नजरेसमोर नकोसे झाले. कुणी त्यांना दगड मारले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. त्यांच्याबद्दल बोलणंच बंद झालं.

व्हिएतनामच्या जवळ जाणारं भारतीय उदाहरण 1990 चं आहे. जुलै 1987 च्या करारानंतर भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांतता राखायला गेलेलं सैन्य काही महिन्यांतच एलटीटीईशी लढू लागलं. सुमारे 1,200 भारतीय सैनिकांचा तिथे जीव गेला. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यातलेच. 25 नोव्हेंबर 1987 ला ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च 1990 मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांवर गोळ्या झाडणाऱ्या सैन्याचं स्वागत कसं करायचं, अशी त्यांची भूमिका होती. सैन्य पाठवण्याचा निर्णय दिल्लीचा होता. त्याची नाराजी मात्र बोटीतून उतरणाऱ्या जवानाच्या वाट्याला आली.

दोन्ही वेळा कारण वेगळं होतं, पण घडलं सारखंच. युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांऐवजी तो पाळणाऱ्यांना किंमत मोजावी लागली.

मराठी इतिहास याबद्दल काय सांगतो?

पराभवाला आपल्या भाषेत पानिपत म्हणतात. 14 जानेवारी 1761 च्या त्या लढाईत एक अख्खी पिढी गेली. पण पानिपतावरून परतलेलेही होते. पायाला कायमचं अधूपण घेऊन महादजी शिंदे परतले. तरुण नाना फडणवीसही त्या धुमश्चक्रीतून वाचून आले. त्यांना हरलेले म्हणून कायमचं बाजूला बसवलं गेलं नाही. दहा वर्षांनी, 1771 मध्ये, मराठ्यांनी पुन्हा दिल्ली घेतली, तेव्हा महादजी आघाडीवर होते. पुढची अनेक वर्षं नानांनी पुण्याचा कारभार चालवला.

पराभव जवळून पाहिलेला माणूस पुढच्या वेळी काय करू नये, हे सगळ्यांत चांगलं सांगू शकतो. 1962 नंतर भारतीय लष्करही झपाट्यानं बदललं. डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या, शस्त्रं आली, रस्ते झाले. पण ज्यांनी नामका चू भोगलं, त्यांचं म्हणणं आधी मानानं ऐकून घेतलं असतं तर दळवींना ते एका कडवट पुस्तकात लिहावं लागलं नसतं.

आज परिस्थिती बदलली आहे का?

काही प्रमाणात, हो. तवांगमधल्या युद्धस्मारकावर कामेंग भागातल्या 2,420 शहिदांची नावं आहेत. 20 ऑक्टोबर 2012 ला, युद्धाला 50 वर्षं झाल्यावर, संरक्षणमंत्री ए. के. अँटनी आणि तिन्ही दलांच्या प्रमुखांनी दिल्लीत 1962 च्या शहिदांना पहिल्यांदाच अधिकृत मानवंदना दिली. फेब्रुवारी 2019 मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात 1962 आणि श्रीलंका या दोन्ही मोहिमांतल्या शहिदांची नावं आली.

पण हे सगळं गेलेल्यांसाठी आहे. कैदेत राहून परतलेल्या जवळपास 4 हजार जणांची नावं अशा भिंतींवर येत नाहीत, आणि त्यातले बहुतेक जण आता हयातही नसतील.

काटोल-नरखेड पट्ट्यातही भल्या पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी मुलं दिसतात. कुणाला सैन्यात जायचं असतं, कुणाला पोलिसांत. शहीद जवानाचं पार्थिव गावात आलं की सगळा गाव रस्त्यावर उतरतो आणि ते योग्यच आहे. पण भरती झालेल्यांतले बहुतेक जण शहीद होत नाहीत. ते परत येतात. कुणी जखमी होऊन, कुणी पंधरा-वीस वर्षं सीमेवर काढून. कधी जिंकलेल्या मोहिमेतून, कधी लोकांना न पटलेल्या. मग पेन्शनच्या कागदासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी, नव्या नोकरीसाठी ते तहसील आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या चकरा मारतात. देश सैनिकाला कसं वागवतो, हे त्या खिडकीवर रोज ठरतं.

युद्ध करायचं की नाही, कुठे करायचं आणि किती काडतुसं देऊन करायचं, हे सैनिक ठरवत नाही. ते ठरवणारं सरकार आपण निवडून देतो. निर्णय चुकला तर जाब तिथे विचारता येतो. त्यासाठी हेंडरसन ब्रुक्स अहवालासारखे कागद लोकांसमोर यावे लागतात. ते कपाटात राहतात तोवर पराभवाचं ओझं परत आलेल्या सैनिकाच्याच खांद्यावर राहतं. जॉन दळवींनी ते शेवटपर्यंत वाहिलं.